तीन बोटे, तीस टक्के : पॉवर प्रेसवरील अपघाताच्या एका दाव्याचा अभ्यास

या प्रकरणातील कामगार, वर्कशॉप आणि आयुक्तांचा निकाल उदाहरणासाठी रचलेला आहे. कायद्याची कलमे, टक्केवारी, गुणक आणि सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय मात्र खरे आहेत. भोसरी, चाकण यांसारख्या औद्योगिक पट्ट्यांत पत्र्याचे सुटे भाग दाबून देणारी लहान वर्कशॉप असतात आणि तेथे “प्रेसवर हात गेला” एवढ्या तीन शब्दांत अपघाताची बातमी सांगून होते. त्यानंतर कायद्याच्या दृष्टीने काय काय घडते, कोणत्या टप्प्यावर कामगाराचे पारडे जड असते आणि कोणत्या टप्प्यावर ते नकळत हलके होते, हे एकाच प्रकरणाच्या आधाराने पाहायचे आहे.

घटना

भोसरीतील एका वर्कशॉपमध्ये आठ माणसे काम करीत होती. पाच जण मालकाच्या हजेरीपटावर होते आणि तिघांना एका लेबर कॉन्ट्रॅक्टरने आणले होते. त्या तिघांपैकी एक प्रेस ऑपरेटर होता. अपघाताच्या दिवशी त्याचे वय २८ वर्षे पूर्ण होते. त्याच्या बँक खात्यात दरमहा ११,००० रुपये जमा होत आणि जादा तासांचे सुमारे साडेपाच हजार रुपये त्याला महिनाअखेरीस रोख मिळत. ज्या प्रेसवर तो काम करी, ती मुळात दोन्ही हातांनी दोन बटणे एकाच वेळी दाबल्याशिवाय चालत नसे. जॉबचा वेग वाढावा म्हणून काही महिन्यांपूर्वी ती बटणे बंद करून पायाचे पेडल बसवण्यात आले होते आणि डायपुढची, म्हणजे पत्रा ज्यात दाबला जातो त्या साच्यापुढची, जाळीही काढून ठेवली होती.

१४ मार्च २०२३ रोजी रात्रपाळीत रॅम, म्हणजे प्रेसचा वरून खाली येऊन पत्रा दाबणारा भाग, दुसऱ्यांदा खाली आला. क्लचची चावी झिजली की पेडलवरचा पाय उचलल्यानंतरही असा दुहेरी ठोका पडतो, हे प्रेसवर काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. तयार जॉब बाहेर काढण्यासाठी आत गेलेल्या उजव्या हाताची तर्जनी, मध्यमा आणि अनामिका मुळापासून गेली. अंगठा आणि करंगळी शाबूत राहिली.

मालकाने स्वतःच्या गाडीतून त्याला खासगी रुग्णालयात नेले आणि ४२,००० रुपयांचे बिलही भरले. “काळजी करू नको, तुझं सगळं आम्ही बघतो,” असे तो रुग्णालयात म्हणाला, आणि त्या रात्रीपुरते ते खोटेही नव्हते. तीन आठवड्यांनी कॉन्ट्रॅक्टर घरी आला. त्याने १८,००० रुपये रोख दिले आणि १०० रुपयांच्या मुद्रांकावर सही घेतली. अपघात माझ्याच निष्काळजीपणाने झाला, एकूण ६०,००० रुपये मिळाले आणि आता माझी कोणतीही मागणी उरलेली नाही, असा मजकूर त्यावर होता. उजव्या हाताला पट्टी असल्यामुळे ती सही डाव्या हाताने झाली होती. हा तपशील पुढे उपयोगी पडला, पण लोक समजतात त्या कारणाने नव्हे.

सल्ल्यासाठी तो आला तेव्हा अपघाताला आठ महिने झाले होते. दरम्यान तो गावी जाऊन परत आला होता आणि एका गृहनिर्माण संस्थेत पहारेकऱ्याची नोकरी करीत होता.

आधी दार कोणते, मग रक्कम किती

जखमी कामगार आणि त्याचे नातेवाईक पहिला प्रश्न विचारतात तो “किती मिळतील?” हा. वकिलाने मात्र आधी विचारायचा प्रश्न असा, की त्या छपराखाली एकूण माणसे किती होती? कारण कर्मचारी राज्य विमा योजना, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ईएसआय, आणि नुकसानभरपाई आयुक्तांकडचा, म्हणजे कामावरील अपघातांच्या भरपाईचे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडचा, दावा या दोन वाटांपैकी कोणती धरायची, याची निवड कामगाराच्या हाती नसते.

ज्या कारखान्यात किंवा आस्थापनेत दहा किंवा अधिक माणसे आहेत आणि ज्याचे वेतन दरमहा २१,००० रुपयांपेक्षा जास्त नाही, तो कामगार सर्वसाधारणपणे ईएसआयच्या कक्षेत येतो. ठेकेदारामार्फत आलेली माणसेही त्या मोजणीत धरली जातात. एकदा तो विमेदार ठरला, की १९४८ च्या राज्य विमा कायद्याच्या कलम ५३ नुसार त्याच इजेसाठी मालकाकडून १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याखाली किंवा अन्य कोणत्याही कायद्याखाली भरपाई मागता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ए. ट्रेहान विरुद्ध असोसिएटेड इलेक्ट्रिकल एजन्सीज (१९९६) या निर्णयात हा अडसर स्पष्ट केला. भारागथ इंजिनीअरिंग विरुद्ध आर. रंगनायकी (२००३) या निर्णयाने त्यापुढचा मुद्दाही निकाली काढला. मालकाने वर्गणी प्रत्यक्ष भरली होती की नाही, नोंदणी अपघाताआधीची की नंतरची, हे निर्णायक नसते. वर्गणी देय होती एवढे पुरेसे असते. म्हणून ज्याच्या खिशात विमा क्रमांकाचे कार्ड नाही तो विमेदार नाही, असे गृहीत धरून आयुक्तांकडे धाव घेणे धोक्याचे आहे. दोन वर्षे दावा चालवल्यानंतर मालकाने दहावा माणूस दाखवला, तर सगळे मुसळ केरात.

ईएसआय ही दुय्यम वाट आहे असा समजही दुरुस्त करायला हवा. नोकरीत झालेल्या इजेसाठी किमान वर्गणीची अट नसते. तात्पुरत्या अपंगत्वात वेतनाच्या ९० टक्के दराने लाभ मिळतो आणि कायमच्या अपंगत्वात वैद्यकीय मंडळ ठरवील त्या टक्क्यांप्रमाणे तो आयुष्यभर दरमहा मिळत राहतो. याच कामगाराला ३० टक्के धरले आणि वेतन १६,५०० रुपये मानले, तर ती रक्कम दरमहा साडेचार हजारांच्या आसपास जाते. दिवसांच्या हिशेबाप्रमाणे ती थोडी पुढेमागे होईल. पुढे दिसेल त्या एकरकमी मूळ भरपाईएवढी बेरीज व्हायला त्यात साधारण पावणेअकरा वर्षे लागतात आणि त्यानंतरचे सर्व हप्ते वरचे ठरतात. अठ्ठाविशीतल्या माणसासाठी हा फरक लहान नाही. शिवाय मालकाशी न्यायालयात झुंजावे लागत नाही.

या प्रकरणात मात्र वर्कशॉपमध्ये खरोखरच आठ माणसे होती आणि कॉन्ट्रॅक्टरने वेगवेगळ्या ठिकाणी लावलेली माणसे सगळी मिळून सात होती. दोन्हीकडे दहाचा आकडा गाठला जात नव्हता. त्यामुळे दार उरले ते कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याचे. या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत विजेच्या शक्तीवर उत्पादनप्रक्रिया चालणाऱ्या जागेत काम करणाऱ्यांचा समावेश आहे आणि त्यासाठी माणसांची किमान संख्या लागत नाही.

तिसरी वाट दिवाणी न्यायालयाची. निष्काळजीपणाबद्दल मालकावर दावा लावता येतो आणि त्यात भरपाईला अनुसूचीची चौकट नसते, परंतु मालकाची चूक सिद्ध करण्याचा भार कामगारावर येतो, तर आयुक्तांपुढे चूक कोणाची हे सिद्ध करावेच लागत नाही. कलम ३(५) मुळे एकाच इजेसाठी दोन्ही वाटा धरता येत नाहीत. पोलिसांतील तक्रार याहून वेगळी. ती भरपाईच्या आड येत नाही. २०२३ मध्ये भारतीय दंड संहिता लागू होती आणि यंत्राबाबतच्या निष्काळजीपणाचे कलम २८७ व गंभीर दुखापतीचे कलम ३३८ येथे सरळ लागू पडत होते. गुन्हा नोंदला गेला नाही, पण रुग्णालयातील वैद्यकीय-कायदेशीर नोंदीत, म्हणजे एमएलसीच्या कागदात, “कामावर प्रेस मशीनमध्ये हात सापडला” अशी ओळ होती आणि अपघाताचा सर्वांत जुना, कोणाच्याही सोयीने न लिहिलेला पुरावा तीच ठरली. कारखाना निरीक्षकाकडे जाण्याचा मार्ग येथे नव्हता, कारण महाराष्ट्रात वीज वापरणाऱ्या जागेला कारखाने अधिनियम लागू होण्यासाठी माणसांची मर्यादा तेव्हा २० होती. सर्वांत धोक्याची यंत्रे अनेकदा त्या मर्यादेखालच्या जागांतच चालतात, ही कायद्यातील विसंगती येथे नोंदवून ठेवतो.

एक खुलासा आवश्यक आहे. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली असून भरपाईच्या तरतुदी आता तिच्या सातव्या प्रकरणात आहेत. येथील अपघात २०२३ चा असल्यामुळे हक्क १९२३ च्या कायद्यानेच मोजावा लागतो आणि येथे दिलेली १९२३ व १९४८ च्या कायद्यांची कलमे त्या वेळची आहेत.

मालकाचे बचाव

अर्ज पुण्यात दाखल झाला. कलम २१ प्रमाणे तो अपघाताच्या ठिकाणी किंवा अर्जदार राहतो त्या ठिकाणीही दाखल करता येतो, त्यामुळे गावच्या जिल्ह्यातही तो करता आला असता. परंतु साक्षीदार भोसरीत होते. दोन वर्षांची मुदत संपायला तेव्हा बराच अवकाश होता. लेखी नोटीस वेळेवर दिली नाही, हा मालकाचा आक्षेप टिकण्यासारखा नव्हता, कारण ज्याने स्वतः जखमी माणसाला रुग्णालयात नेले त्याला अपघाताची माहिती नव्हती असे म्हणता येत नाही आणि मालकाला अन्य मार्गाने माहिती असल्यास नोटिशीतील उणीव आड येणार नाही, असे कलम १० मध्येच म्हटले आहे.

“हा माझा माणूसच नाही, कॉन्ट्रॅक्टरचा आहे,” हा बचाव बहुतेक ठिकाणी पहिला असतो आणि कायद्यापुढे तो सर्वांत दुबळा असतो. जे काम मालकाच्या नेहमीच्या धंद्याचा भाग आहे ते त्याने ठेकेदारामार्फत आपल्या जागेत करून घेतले, तर कलम १२ प्रमाणे भरपाई देण्याची जबाबदारी मूळ मालकाचीच राहते. त्याने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी. प्रेस चालवणे हाच त्या वर्कशॉपचा धंदा होता. अर्जात दोघांनाही प्रतिवादी केले होते, आणि तेच योग्य, कारण कोण कोणाकडे बोट दाखवतो हे आधी सांगता येत नाही.

दुसरा बचाव अधिक गंभीर होता. कामगाराने जाळी स्वतः काढली आणि दोन बटणांची व्यवस्था स्वतः मोडली, असे मालकाने म्हटले. इजेमुळे मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले नसेल, तर सुरक्षेसाठीचे साधन कामगाराने जाणूनबुजून काढले वा त्याकडे जाणूनबुजून दुर्लक्ष केले या कारणावरून मालक जबाबदारीतून सुटू शकतो, अशी तरतूद कलम ३ च्या परंतुकात आहे आणि येथे अपंगत्व आंशिक असल्यामुळे तिचा आधार घेणे शक्य होते. निष्काळजीपणा आणि जाणूनबुजून केलेली कृती यांतील अंतर येथे कळीचे ठरते. घाईने, थकव्याने किंवा सवयीने हात आत जाणे हा फार तर निष्काळजीपणा असतो आणि त्याने भरपाई जात नाही. सुरक्षासाधन मुद्दाम काढले हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो. एका सहकाऱ्याने मोबाइलवर काढलेल्या, अपघाताच्या दोन महिने आधीच्या छायाचित्रात तेच पेडल आणि तीच जाळीविरहित डाय दिसत होती आणि छायाचित्रात सुपरवायझर शेजारी उभा होता. उलटतपासणीत सुपरवायझरने पेडल “उत्पादनासाठी” बसवल्याचे मान्य केले. त्यानंतर या बचावात काही उरले नाही.

मुद्रांकावरच्या सहीचा प्रश्न लोकांना सर्वांत जास्त घाबरवतो. कामगाराने आपला भरपाईचा हक्क सोडून दिल्याचा करार, तो कितीही किमतीच्या मुद्रांकावर असला तरी, जबाबदारी घटवतो तेवढ्यापुरता कलम १७ ने रद्दबातल ठरतो. तडजोड करायचीच असेल, तर तिचे टाचण कलम २८ प्रमाणे आयुक्तांकडे नोंदवावे लागते आणि रक्कम अपुरी वाटली किंवा फसवणूक, दबाव यांचा संशय आला, तर आयुक्त ती नोंदवायला नकार देऊ शकतात. हे टाचण कोणीच नोंदवले नव्हते. डाव्या हाताच्या वाकड्यातिकड्या सहीवर अर्जदाराच्या वकिलांनी बराच वेळ घालवला. सही जबरदस्तीने घेतली हे दाखवण्याचा त्यांचा प्रयत्न होता. माझ्या मते त्याची गरज नव्हती. ती सही उजव्या हाताने, चार साक्षीदारांसमोर आणि पूर्ण समजून केलेली असती, तरी तिचे कायदेशीर वजन तेवढेच, म्हणजे शून्य, राहिले असते. तिचा खरा उपयोग वेगळ्या ठिकाणी झाला : त्याच कागदात मालकाच्या जागेत, कामाच्या वेळी, प्रेसवर अपघात झाल्याचे लिहिलेले होते. कामगाराचे तोंड बंद करण्यासाठी बनवलेल्या कागदाने कामगाराचे अर्धे काम केले.

त्या कागदातील ६०,००० चा हिशेबही तपासावा लागला. मालकाने वैद्यकीय उपचारासाठी दिलेली रक्कम भरपाईपोटी दिली असे मानता येत नाही, असे कलम ४ च्या स्पष्टीकरणात म्हटले आहे. म्हणून ४२,००० रुपये वजावटीत येत नव्हते. फक्त रोख १८,००० येत होते.

वेतनाबाबत मालकाचे म्हणणे ११,००० चे होते. भरपाईच्या मोजणीसाठी केंद्र सरकारने ३ जानेवारी २०२० पासून मासिक वेतनाचा कमाल आकडा १५,००० रुपये ठरवला होता, त्याआधी तो ८,००० होता. जादा कामाचे पैसे नियमित मिळत असल्याचे कॉन्ट्रॅक्टरच्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशांतून आणि महिन्याच्या हिशेबाच्या चिठ्ठ्यांतून दिसल्यावर प्रत्यक्ष वेतन १५,००० च्या वर गेले आणि हिशेब १५,००० वर झाला. केवळ बँकेची नोंद मानली असती, तर मूळ भरपाई सुमारे दीड लाखाने घटली असती. रोखीच्या पैशाची चिठ्ठी फेकून देणारा कामगार काय फेकतो, ते या फरकावरून मोजता येते.

टक्क्यांचा प्रश्न

या दाव्यातील सर्वांत मोठी रक्कम वेतनाने किंवा व्याजाने ठरली नाही. ती टक्क्यांनी ठरली. कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठीचे सूत्र असे : मासिक वेतनाचे ६० टक्के गुणिले वयानुसारचा गुणक. पंधरा हजारांचे ६० टक्के म्हणजे ९,००० आणि २८ व्या वर्षासाठी चौथ्या अनुसूचीतील गुणक २११.७९, त्यामुळे पूर्ण अपंगत्वाची रक्कम १९,०६,११० रुपये होते. आंशिक अपंगत्वात कमाईची क्षमता जितके टक्के घटली, तितके टक्के या रकमेचे मिळतात. म्हणजे दर दहा टक्क्यांमागे १,९०,६११ रुपयांचा फरक. वकील, डॉक्टर आणि आयुक्त ज्या एका आकड्यावर वाद घालतात, त्या आकड्याची ही किंमत आहे.

पहिल्या अनुसूचीत एका हाताची दोन बोटे गेल्यास २० टक्के, तीन गेल्यास ३० टक्के, चारही गेल्यास ५० टक्के आणि अंगठ्यासह चारही बोटे गेल्यास ६० टक्के असे दर आहेत. एकटा अंगठा ३० टक्क्यांचा आहे. तीन बोटांच्या बरोबरीचा. सरळ वाचले तर आपल्या कामगाराला ३० टक्के, म्हणजे ५,७१,८३३ रुपये.

अर्जदाराने मात्र १०० टक्के मागितले होते आणि त्यामागे आधार होता. प्रतापनारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबाता (१९७६) या प्रकरणात एका सुताराचा डावा हात कोपरापासून वर कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम करता येत नाही, त्यामुळे तो ज्या कामासाठी सक्षम होता त्या कामासाठी पूर्णपणे असमर्थ झाला, असे मानून सर्वोच्च न्यायालयाने त्याचे अपंगत्व पूर्ण ठरवले. अनुसूचीतील टक्का ही त्यामुळे शेवटची रेघ ठरत नाही. विशिष्ट माणसाच्या विशिष्ट कामावर इजेचा काय परिणाम झाला, हे पुराव्याने दाखवता येते. उजव्या हाताची मधली तीन बोटे गेलेला प्रेस ऑपरेटर पुन्हा प्रेसवर बसू शकत नाही, हे कोणीही मान्य करील.

तरीही कायद्याच्या व्याख्येतील शब्द नेमके आहेत. पूर्ण अपंगत्व म्हणजे अपघाताच्या वेळी माणूस जी जी कामे करू शकत होता त्या सर्व कामांसाठी तो असमर्थ होणे. मालकाच्या वकिलांनी पहारेकऱ्याच्या नोकरीची पगारपत्रके मागवली आणि अर्जदाराने ती नोकरी करीत असल्याचे मान्य केले. पोटासाठी पत्करलेली नोकरी दाव्याच्या विरोधात वापरली जाते, हे कटू असले तरी त्या उत्तरानंतर १०० टक्क्यांची मागणी प्रामाणिकपणे पुढे रेटता येण्यासारखी राहिली नाही.

मात्र ३० आणि १०० यांच्या मध्ये बरीच जागा होती आणि ती जागा अर्जदाराच्या बाजूने वापरली गेली नाही, हे माझे या प्रकरणातील मुख्य निरीक्षण आहे. शिल्लक अंगठ्याचा सांधा ताठरला होता. करंगळी आणि अंगठा यांच्यात वस्तू धरता येत होती, पण पकड घट्ट नव्हती. एखादा अवयव शरीराला असूनही त्याचा उपयोग कायमचा आणि पूर्णपणे गेला, तर तो गेल्यासारखाच मानावा, अशी टीप अनुसूचीच्या शेवटी आहे. अंगठा निरुपयोगी झाल्याचे सिद्ध झाले असते, तर टक्का निश्चित वर सरकला असता. पण दाखल झाले ते केवळ सरकारी रुग्णालयाचे अपंगत्वाचे प्रमाणपत्र. शारीरिक अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईच्या क्षमतेतील घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली सवलतींसाठी ठरवलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी मोजली जाते, दुसरी माणसाच्या कामाशी लावून मोजावी लागते. अस्थिरोगतज्ज्ञाला साक्षीला बोलावून “हा हात कोणकोणती कामे करू शकत नाही” हे विचारायला हवे होते. डॉक्टरांची फी आणि त्यांची तारीख जुळवण्याचा त्रास टाळण्यासाठी ते झाले नाही. आयुक्तांनी अनुसूचीवर बोट ठेवले आणि ३० टक्केच मानले.

निकालाचा हिशेब

अर्ज दाखल झाल्यावर तीन महिन्यांत निकाल व्हावा, असे कलम २५-अ सांगते. येथे निकाल लागला तो १४ जुलै २०२५ रोजी.

मूळ भरपाई ५,७१,८३३ रुपयांतून १८,००० वजा जाऊन ५,५३,८३३ उरले. भरपाई निकालाच्या दिवशी देय होते, असा मालकाचा युक्तिवाद होता. परंतु ती अपघाताच्या दिवशीच देय होते, हे सुताराच्या त्याच १९७६ च्या निर्णयाने ठरवले असून ओरिएंटल इन्शुरन्स विरुद्ध सिबी जॉर्ज (२०१२) या निर्णयाने त्याला पुन्हा दुजोरा दिला आहे. देय झाल्यापासून महिन्याच्या आत रक्कम दिली नाही, तर वार्षिक १२ टक्के सरळ व्याज लागते. १४ एप्रिल २०२३ पासून २७ महिन्यांचे व्याज १,४९,५३५ रुपये झाले.

दंडाचा विषय वेगळा असतो. विलंबाला योग्य कारण नसेल, तर मूळ रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड लावता येतो, मात्र त्याआधी मालकाला कारणे दाखवण्याची संधी द्यावी लागते. जबाबदारीबद्दल वाद असला, तरी जितकी मान्य आहे तितकी रक्कम तात्पुरती भरण्याचे बंधन कलम ४-अ मध्ये आहे. या मालकाने एक रुपयाही भरला नव्हता आणि नोकरीवर घेताना कामगाराला त्याच्या भरपाईच्या हक्काची लेखी माहिती देण्याचे, २०१७ पासून लागू असलेले कर्तव्यही पाळले नव्हते. आयुक्तांनी २५ टक्के, म्हणजे १,३८,४५८ रुपये दंड ठरवला. हा दंड सरकारजमा होत नाही, कामगाराला मिळतो.

वैद्यकीय खर्चाला कलम ४(२-अ) प्रमाणे मर्यादा नाही. प्रत्यक्ष झालेला खर्च मिळतो. अर्जदाराने नंतरची ड्रेसिंगे, औषधे आणि फिजिओथेरपी मिळून २३,४०० रुपये मागितले, बिले मात्र १६,८०० रुपयांचीच होती आणि तेवढेच मंजूर झाले. उपचाराच्या पहिल्या चार महिन्यांत तो कामच करू शकत नव्हता. त्या काळासाठी मासिक वेतनाच्या २५ टक्के, म्हणजे दर पंधरवड्याला ३,७५० रुपये देण्याची तरतूद आहे. अर्जात ती मागणीच केलेली नव्हती. ही अर्जातील उणीव होती आणि तिचे खापर मालकावर फोडता येत नाही.

एकूण रक्कम ८,५८,६२६ रुपये झाली. मालकाची डब्ल्यूसी पॉलिसी, म्हणजे कामगारांच्या भरपाईसाठीचा विमा, होती, परंतु ती स्वतःच्या पाच माणसांपुरतीच घेतलेली होती. ठेकेदाराच्या कामगारांसाठीचा हप्ता भरलेला नसल्यामुळे विमा कंपनीवर जबाबदारी आली नाही आणि सर्व रक्कम मालकाच्याच अंगावर पडली. कॉन्ट्रॅक्टरकडून ती वसूल करण्याचा त्याचा हक्क कलम १२ ने राखलेला आहे. तो वापरायचा की नाही हा त्या दोघांमधील प्रश्न.

निकालानंतर

मालकाने अपील करण्याचा विचार केला. उच्च न्यायालयात ६० दिवसांत अपील करता येते, परंतु मालकाच्या अपिलासोबत निकालातील रक्कम आयुक्तांकडे जमा केल्याचे प्रमाणपत्र जोडावे लागते आणि अपील फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर चालते. पैसे भरल्याशिवाय अपील नाही, हे कळल्यावर तो विचार मागे पडला.

टक्का कमी धरला म्हणून कामगारानेही अपील करावे का, हा प्रश्न चर्चेला आला होता. गोल्ला राजन्ना (२०१७) या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, वस्तुस्थितीबाबत आयुक्तांचा निष्कर्ष अंतिम असतो आणि उच्च न्यायालयाने पुराव्याची नव्याने छाननी करू नये. कमाईची क्षमता किती घटली हा वस्तुस्थितीचाच प्रश्न आहे. ज्या डॉक्टरांची साक्ष खाली झाली नाही, ती वर घेता येणार नव्हती. अपील केले नाही.

मुदत संपूनही रक्कम जमा झाली नाही, तेव्हा कलम ३१ खाली वसुलीचा अर्ज करण्यात आला. भरपाईची रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते, म्हणजे प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते आणि नोटीस तहसील कार्यालयातून निघते. ती नोटीस वर्कशॉपच्या पत्त्यावर पोहोचल्यानंतर मालकाने आयुक्तांच्या कार्यालयात दोन धनादेश भरले, त्यांत एक महिन्याचे अंतर होते.